चित्र काढायला बसतो, पण दोन-तीन महिन्यांत ओढ आटते. काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं वय 36, नोकरी आयटीतली. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिलेल्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड. पुढे दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, आणि चित्रकला जी सुटली ती सुटलीच. लॉकडाउनमध्ये पुन्हा पेन्सिल हातात घेतली, दोन महिने रोज काढलं, मग बंद. वर्षभरानं पुन्हा सुरू, पुन्हा बंद. आता तिसरी खेप चालू आहे. त्यांचं म्हणणं असं की सुरुवातीला मजा येते, मग चित्रं बिघडायला लागतात, आणि इन्स्टाग्रामवर विशीतली पोरं काय काढतात ते बघितलं की वही उघडावीशीच वाटत नाही. माझ्यात चिकाटी कमी आहे की मुळात हातात कलाच नाही, असं त्यांनी विचारलंय. शिवाय आयपॅड घेतला तर फरक पडेल का, हेही.

मी बरीच वर्षं पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढतोय, आणि रविवारी मोठ्या माणसांचा रेखाटनाचा वर्ग घेतो. बँकेतले, शाळेतल्या बाई, नुकतेच निवृत्त झालेले, असे सगळे येतात आणि त्यातले बरेचसे नेमक्या याच ठिकाणी अडकून आलेले असतात. म्हणून उत्तर जरा लांब देतो.

चिकाटीचं आधी बाजूला ठेवा. नोकरी सांभाळून दोन महिने रोज चित्र काढायला बसणाऱ्याला चिकाटी नाही असं कोण म्हणेल? आणि 'हातात कला' हा शब्दप्रयोग नातेवाइकांनी लग्नात वापरायचा असतो, शिकणाऱ्यानं नाही. तुमच्या प्रश्नातलं माझ्या मते खरं महत्त्वाचं वाक्य वेगळंच आहे: 'चित्रं बिघडायला लागतात.' ती बिघडत नसतात. दोन महिने एकाग्रतेनं वस्तूकडे बघितल्यावर तुमचा डोळा तयार होतो, आणि हात मात्र अजून तिथे पोचलेला नसतो. सूर कळायला लागल्यावर आपलाच गळा बेसूर वाटायला लागतो, तसं. पहिल्या महिन्यातली वही आत्ता काढून बघा. तेव्हा छान वाटलेली चित्रं आज तुम्हाला सहन होणार नाहीत. म्हणजे प्रगती झालीय, फक्त ती कागदावर दिसायच्या आधी डोळ्यात झालीय.

पण एवढं कळून ओढ परत येत नाही. मी हे वर्गात सांगतो, लोक माना डोलावतात आणि पुढच्या रविवारी गैरहजर. ओढ टिकते ती दुसऱ्या एका गोष्टीनं. चित्र झाल्यावर त्यात काय चुकलंय ते तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'वाईट आलं' म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी बसत नाही, कारण बसून काय करायचं हेच त्याला माहीत नसतं. 'तळाची वळणरेषा सपाट काढली' असं म्हणणारा बसतो. त्याला काम मिळालेलं असतं.

उदाहरण म्हणून घरातला तांब्या घ्या. स्टीलचा नको, त्यात चकाकी फार असते आणि अख्खं स्वयंपाकघर उलटं दिसतं. पितळेचा किंवा तांब्याचा, जरा मळकटसा चांगला. टेबलावर ठेवा, हाताच्या अंतरावर बसा आणि काढा. बहुतेकांचं जे चित्र येतं ते मी न बघता सांगू शकतो. तोंड भलतंच गोल आणि उघडं, जणू आत डोकावून काढलंय. तळ सरळ पट्टीनं ओढल्यासारखा. तोंडाच्या लंबवर्तुळाला दोन्ही टोकांना टोकदार कोपरे. एक कुशी दुसरीपेक्षा फुगलेली. चित्र बघून माणूस म्हणतो, 'नाही जमत.'

आता यात चार वेगवेगळ्या चुका आहेत आणि चारींची कारणं वेगळी आहेत. तोंड गोल काढलं, कारण ते गोल असतं हे तुम्हाला माहीत आहे. तळ सरळ काढला, कारण तांब्या सपाट टेबलावर उभा आहे हेही माहीत आहे. दोन्ही ठिकाणी डोळ्यानं बघितलेलं नाही, डोक्यातलं उतरवलंय. खरं तर तोंड तुमच्या नेत्रपातळीच्या जवळ आहे म्हणून ते चपटं दिसतं, आणि तळ नेत्रपातळीपासून खाली लांब आहे म्हणून त्याची वळणरेषा तोंडापेक्षा जास्त खोलगट दिसते. म्हणजे लोक जे काढतात त्याच्या बरोब्बर उलट. खात्री करायची असेल तर तांब्या हळूहळू वर उचला. तोंड डोळ्यासमोर आलं की लंबवर्तुळाची एक नुसती आडवी रेघ होते, आणखी वर नेलं की वळण उलटं फिरतं. हे एकदा स्वतःच्या हातात धरून बघितलं की पुस्तकातलं यथार्थदर्शनाचं, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचं, प्रकरण निम्मं समजलं.

टोकदार कोपरे येतात कारण पुढची कमान आणि मागची कमान अशा दोन कमानी वेगवेगळ्या काढून जोडल्या. लंबवर्तुळ एका दमात, हात खांद्यातून फिरवत काढायचं असतं. कागदावर टेकायच्या आधी दोन-तीन वेळा हवेत फिरवायचं आणि मग हलकेच टेकवायचं. फुगलेल्या कुशीसाठी मधोमध एक उभी अक्षरेषा घ्यायची आणि दोन्ही बाजूंची अंतरं पेन्सिलीवर अंगठा सरकवत मोजायची. मोजताना हात कोपरात वाकवायचा नाही, एक डोळा मिटायचा. हात वाकला की माप बदलतं, आणि वर्गातली निम्मी मापं त्यामुळेच चुकतात.

तर एका 'वाईट' चित्राचे चार प्रश्न झाले. यातला एकच घ्या आणि आठ-दहा दिवस तेवढाच धरा. पेला, वाटी, डबा, बादली, कुंडी, सगळ्यांची फक्त तोंडं आणि तळ काढा. शेडिंग नको, रंग नको. कंटाळवाणं वाटेल अशी भीती असते, पण माझा अनुभव उलट आहे. नेमका प्रश्न हातात असला की माणूस चहाच्या कपातही लंबवर्तुळ बघायला लागतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये वहीच्या कडेला पेले उमटायला लागले की समजावं, गाडी रुळावर आहे.

आता तुमच्या इंटरमिजिएटबद्दल, कारण त्यात एक गोम आहे. शासकीय रेखाकला परीक्षांनी महाराष्ट्रात गावोगावच्या मुलांच्या हातात ब्रश दिला, हे त्यांचं मोठंच काम. कोल्हापूर, सांगली, जळगाव, कणकवली, कुठेही जा, वर्ग भरतातच. पण ग्रेडसाठी तयारी कशी होते ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. स्मरणचित्रात, म्हणजे दिलेला विषय आठवून काढायच्या चित्रात, बाजार येऊ शकतो, पाणवठा येऊ शकतो, बसथांबा येऊ शकतो, म्हणून पाच-सहा मानवाकृती पाठ करून घेतल्या जातात. टोपलीवाली बाई, पाठमोरा शेतकरी, छत्रीवाला माणूस, पळणारा मुलगा. विषय कोणताही आला तरी हीच मंडळी जागा बदलून उभी राहतात. त्याआधी प्राथमिक शाळेत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नदी आणि नारळाचं झाड. ग्रेड मिळायला हे पुरतं. वीस वर्षांनी पुन्हा काढायला बसल्यावर मात्र हात तीच पाठ केलेली माणसं काढतो, आणि आता तयार झालेल्या डोळ्याला ती खोटी दिसतात. तुम्हाला येतंय ते सगळं विसरा असं मी म्हणणार नाही. लेटरिंगनं लागलेली शिस्त, रंग सपाट आणि स्वच्छ भरायची सवय, हे कामाला येतं. फक्त माणूस, झाड, डोळा, हात या गोष्टी पाठ असल्याप्रमाणे काढायच्या नाहीत असं ठरवा.

चेहऱ्यात हे फार चटकन दिसतं. कोणालाही चेहरा काढायला सांगा, डोळे कपाळात जातात. कारण आपल्या लेखी चेहरा म्हणजे डोळे-नाक-तोंड. कपाळ आणि वरचं डोकं यांना कोणी जागा देत नाही. प्रत्यक्षात टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीत डोळे साधारण मध्यावर असतात, आणि कान भुवईच्या पातळीपासून नाकाच्या बुडापर्यंत. आरशासमोर उभं राहून पेन्सिलीनं मोजून घ्या. पहिल्यांदा मोजल्यावर लोकांना पेन्सिलच खोटी वाटते.

साहित्याबद्दल एकच सांगतो. महागड्या, जाड पुठ्ठ्याच्या स्केचबुकानं जितकी माणसं थांबवली तितकी दुसऱ्या कशानं थांबवली नसतील. पहिलं पान खराब होऊ नये या धास्तीत वही कोरी राहते. ऑफिसातले पाठकोरे कागद आणा, क्लिपबोर्डला लावा, एक एचबी आणि एक चार-बी पेन्सिल. वळण साधायचं असेल तर कागद मोठा घ्या. ए-फोरवर माणूस मनगटातून काढतो आणि रेषा आखडते. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर काढलं की हात आपोआप खांद्यातून हलतो. कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाका आणि मागे एक ओळ लिहा: आज काय चुकलं. 'छान', 'वाईट' असे शेरे नकोत. 'हँडल आणि कपाच्या मधली पोकळी मोजली नाही', 'सावली वस्तूपेक्षा काळी झाली', अशी ओळ हवी. ती लिहिता येत नसेल तर चित्र भिंतीला लावून चार पावलं मागे या, किंवा आरशात उलटं बघा. उलट्या चित्रातला कल लगेच डोळ्यात खुपतो.

वेळ किती द्यायचा? वीस मिनिटं. तास-दोन तासांचं वेळापत्रक नोकरदार माणसाचं टिकत नाही, आणि एक दिवस मोडलं की सगळं मोडतं. वीस मिनिटांत एक गोष्ट होते. वस्तू मात्र आदल्या रात्री मांडून ठेवा, दिवा लावून सावली ठरवून ठेवा, पेन्सिलला टोक काढून ठेवा. सकाळी उठून 'आज काय काढू' असा विचार सुरू झाला की तेवढ्यात फोन हातात येतो. चित्र अर्धं सोडून उठायचीही सवय लावा. अर्ध्या चित्राकडे परत जाणं सोपं असतं. कोरा कागद रोज नव्यानं धाक घालतो.

घरातल्या वस्तूंचा कंटाळा येणारच, आणि यावाच. तेव्हा बाहेर पडा. माझ्या मते नव्या माणसासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे एसटी स्टँड. वाट बघणारी माणसं एका ठिकाणी असतात, पिशव्या-बोचकी-डबे असतात, आणि तुमच्याकडे कोणी फार लक्ष देत नाही. पाठ भिंतीला लागेल अशी जागा घ्या म्हणजे मागून कोणी डोकावत नाही. छोटी वही, साधं बॉलपेन. पेन यासाठी की खोडता येत नाही, त्यामुळे खोडण्यात वेळ जात नाही.

तिथली मोठी अडचण म्हणजे माणसं हलतात. डोकं काढून होईतो माणूस वळलेला असतो, आणि नवखा माणूस वैतागून वही मिटतो. यावर एक युक्ती आहे, बाहेर काढणारे सगळेच ती वापरतात. वाट बघणारा माणूस हलतो, पण त्याच त्याच मुद्रांमध्ये हलतो. मांडीवर पिशवी, हनुवटीला हात. मग फलाटाकडे मान. मग पुन्हा हनुवटीला हात. तेव्हा एका पानावर त्याची तीन-चार रेखाटनं सुरू करा. तो वळला की पहिलं सोडून दुसऱ्यावर जा, परत तसाच बसला की पहिल्यावर या. आधी नाकडोळ्यांच्या मागे लागू नका. पाठीचा कणा कुठे झुकलाय, वजन कोणत्या पायावर किंवा ढुंगणावर आहे, खांद्याची रेघ आणि कमरेची रेघ कोणत्या बाजूला उतरतेय, एवढंच दहा-बारा रेघांत. पानं भरली की बहुतेक रेखाटनं टाकाऊ असतील. एखाद्यात मात्र तो दमलेला माणूस दमलेलाच दिसेल, आणि तुम्ही त्याचा चेहराही काढलेला नसेल. लोक पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात ते त्या एका रेखाटनासाठी.

लोक बघतात त्याचं काय, हे विचारतातच. बघू द्या. लहान मुलं हमखास येऊन 'माझं काढा' म्हणतात. काढून द्या, कागद फाडून देऊन टाका. मुलांना तुमच्या प्रमाणबद्धतेशी देणंघेणं नसतं. टी-शर्टवरचं चित्र आलं की ती खूश. एकटं जायला अवघड वाटत असेल तर मुंबई-पुण्यात बाहेर बसून रेखाटन करणारे गट आहेत, अर्बन स्केचर्सवाले त्यातलेच. सुट्टीच्या दिवशी सकाळी वाड्यात, घाटावर, बाजारात जमतात, दोनेक तास काढतात आणि शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर मांडून बघतात. त्या मांडलेल्या वह्यांत तुमच्यासारखीच अडकलेली पाच-सात माणसं दिसतील. कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

नक्कल करावी का, यावर आपल्याकडे उगाच अपराधी वाटून घेतात. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा, 1880 साली, तो 27 वर्षांचा होता. त्याआधी कलाविक्रीच्या दुकानात नोकरी, मग शिकवणं, मग धर्मप्रचार, सगळं करून झालं होतं. बेल्जियममधल्या खाणकामगारांच्या भागात राहून त्यानं काय केलं? शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराचे रेखाटन शिकवणारे छापील तक्ते मागवले आणि एकेक उतरवत बसला. पुढे द हेगमध्ये तारा ताणलेली लाकडी चौकट करून घेतली आणि तिच्यातून बघून यथार्थदर्शन साधायला शिकला. दहा वर्षांनी, 1890 मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, त्यानं भावाकडे तेच बार्गचे तक्ते पुन्हा मागितले, उतरवायला. तोवर त्याची आज जगभर नावाजलेली बहुतेक चित्रं काढून झालेली होती. वयाचं आणि 'उशीर झाला'चं उत्तरही यातच आलं, म्हणून वेगळं देत नाही.

नक्कल करताना एवढं बघा की चांगल्या रेखाटनाची करताय, फोटोची नाही. रेखाटनात त्या चित्रकारानं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवलेलं असतं, ते तुमच्या हाताला कळतं. फोटोत सगळंच असतं. त्यातून मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान बारीक होतात, आणि तुम्ही इमानदारीत ती चूकच काढता.

इथे इन्स्टाग्रामकडे येऊ. तिथल्या चित्रांनी खचायचं आणखी एक कारण असं की आपल्याकडे पेन्सिलीत काढलेल्या हुबेहूब चेहऱ्यांचं फार कौतुक आहे. नटाचा फोटो घ्यायचा, त्यावर चौकटी आखायच्या, त्याच चौकटी कागदावर आखून एकेक घर भरत जायचं, कापसानं नाहीतर टिश्यूनं घासून गुळगुळीत करायचं. खाली 'अगदी फोटोच वाटतोय!' अशा शे-दोनशे प्रतिक्रिया. यात मेहनत आहे, मी नाकारत नाही. पण ते कौशल्य वेगळं आहे. चौकटी काढून घेतल्या आणि समोर जिवंत माणूस बसवला तर त्यातल्या अनेकांना पहिली रेघ कुठे मारायची कळत नाही. तुम्हाला समोरचं बघून काढायचं असेल तर त्या चित्रांशी तुमची तुलनाच होत नाही. शिवाय पाऊण मिनिटाच्या व्हिडिओत सहा-आठ तास घडी करून ठेवलेले असतात आणि फसलेले कागद कधी दाखवत नाहीत.

माझा सल्ला सोपा आणि थोडा कडू आहे. शिकत असताना चित्र रोज टाकू नका. लाइक मिळाले की तसंच दुसरं काढावंसं वाटतं, म्हणजे जे येतं तेच गिरवलं जातं. नाही मिळाले की बसावंसं वाटत नाही. त्याऐवजी स्वतः चित्र काढणारं एक माणूस शोधा आणि महिन्यातून एकदा त्याच्यासमोर वही ठेवा. बायको, नवरा, आई यांना दाखवा, पण मत विचारू नका. त्यांचं प्रेम तुमच्यावर असतं, लंबवर्तुळावर नाही.

आणि जमेल तेव्हा मूळ चित्रं बघायला जा. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे, 1952 पासून; आत जायला तिकीट लागत नाही. साताऱ्याकडे गेलात तर औंधचं श्री भवानी संग्रहालय चुकवू नका, तिथे रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची मूळ चित्रं भिंतीवर आहेत. छापील पुस्तकात आणि मोबाइलवर सगळं सारख्याच आकाराचं आणि सारखंच सफाईदार दिसतं. मूळ कामाजवळ उभं राहिलं की कोणती कड धारदार ठेवलीय, कोणती मुद्दाम विरघळवलीय, रंग कुठे पातळ सोडलाय, हे दिसतं. तिथे 'किती सुंदर' म्हणत फिरू नका. एकाच चित्रासमोर अर्धा तास थांबा आणि वहीत त्याची नुसती मांडणी उतरवा: कुठे गडद, कुठे उजेड, चार-पाच डागांत.

प्रगती मोजायची तर स्वतःच्याच जुन्या कागदाशी, आणि तीही त्याच विषयाच्या. दर तीन-चार महिन्यांनी तोच तांब्या, त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली काढा. किंवा स्वतःचा डावा हात, तो तर कायम उपलब्ध. नव्या-नव्या विषयांत फरक कळत नाही, कारण प्रत्येक वेळी अडचण वेगळी असते. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश नाकारला गेला हा किस्सा सगळे सांगतात. मला त्यांचे कावळे जास्त महत्त्वाचे वाटतात. म्हैसूरच्या लहानपणापासून ते कावळे काढत होते आणि देशातला सर्वांत नावाजलेला व्यंगचित्रकार झाल्यावरही काढतच राहिले. त्यांच्या कावळ्याच्या मानेतला खट्याळपणा कावळ्याकडे जन्मभर बघितल्याशिवाय येत नाही. गोव्यात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी कोवळ्या वयात रोजनिशी लिहायला घेतली, आणि लिहिली म्हणजे काढलीच: गावातले पाद्री, शेजारपाजारचे, घरचे, पार्ट्या, भांडणं. हातात कलाशाळेची पदवी नव्हती. त्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपानं छापल्या गेल्या. मिळाल्या तर जरूर चाळा. शिकणाऱ्यानं रोजचं काढायचं म्हणजे काय, हे त्यातल्या पानापानावर आहे.

तरीही मध्ये काही महिने असे येतात की काहीच हलत नाही. तेव्हा विषय तोच ठेवून साधन बदला. पेन्सिलीतून कोळशावर जा. कोळशाला टोक नसतं, त्यामुळे बारकावे काढायचा मोह आपोआप सुटतो आणि उजेड-सावलीचे मोठे भाग दिसायला लागतात. किंवा डोळे किलकिले करून फक्त तीन छटांत चित्र बसवा: कागदाचा पांढरा, मधला करडा, काळा. पेन्सिलीत वर्षभर जे शेडिंग 'घाण' येतं त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की सगळीकडे मधलाच करडा भरलाय, काळं करायला हात धजावलेला नाही. काही दिवस तर पेन्सिल हातात धरवणारही नाही. अशा दिवशी समांतर रेघा मारा, वेगवेगळ्या दिशांनी ठोकळे काढा, पेन्सिली तासा. महिनाभर खंड पडला तरी अपराधी वाटून घेऊ नका. परत येताना मात्र थेट मोठं चित्र हाती घेऊ नका. आधीच्या वहीतलं तुमचंच बरं आलेलं पान समोर ठेवा आणि ते पुन्हा काढा. दोन-तीन दिवसांत हात सैल होतो.

किती काळ लागेल? वर्गातल्यांवरून माझा अंदाज सांगतो. आठवड्यातले बहुतेक दिवस वीस मिनिटं ते अर्धा तास दिला तर वर्षभरात भांडी, फळं, खुर्च्या, पायऱ्या नीट 'बसायला' लागतात. माणसाची उभी-बसलेली आकृती संकोच न वाटता काढायला दोन-तीन वर्षं. ओळखू येईल असा चेहरा त्याच्याही पुढे, आणि तो हुलकावणी देतच राहतो. आजही एखाद्या दिवशी मला साधा कान जमत नाही. यात कोणाला निराशा वाटते, कोणाला हायसं. तुमचं तुम्ही ठरवा.

राहिला आयपॅड. आत्ता घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्र वाईट नाही, माझंही निम्मं काम आता त्यावरच चालतं. पण शिकणाऱ्याला त्यात दोन गोष्टी नडतात. एक म्हणजे अनडू. रेघ चुकली की दोन बोटं टेकवून पुसली जाते, त्यामुळे चूक कागदावर राहत नाही आणि तिच्याकडे बघणंही होत नाही. कागदावर चुकलेली रेघ तशीच असते, तिच्याशेजारी तुम्ही दुसरी मारता आणि दोन्हींमधलं अंतर दिसतं. दुसरं म्हणजे झूम. पापणीचे केस काढत माणूस तासभर आत शिरून बसतो आणि बाहेर येऊन बघतो तर डोळाच चुकीच्या जागी. घरात आधीच असेल आणि वापरायचाच असेल तर एकच ब्रश ठेवा, एकच लेयर, झूम बंद, आणि अनडूला हात लावायचा नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर शंभर-दीडशे जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) कार्ट्रिज पेपरचे, म्हणजे रेखाटनाच्या जाडसर कागदाचे, मोठे ताव, चांगला लाकडी बोर्ड आणि मान वळवता येईल असा टेबललॅम्प घ्या. आयपॅडच्या पैशात हे सगळं घेऊन बरेच पैसे उरतील, आणि लॅम्प उद्यापासूनच कामाला येईल.